‘पुरे’ म्हणण्याची वेळ

माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक वृद्ध गृहस्थ राहत असत. दोन मजली घर, परसात आंब्याची पाच-सहा झाडे, बाजारात चालती पेढी आणि गावात शब्दाला किंमत. हे सारे त्यांनी एका जन्मात मिळवलेले होते. विद्यार्थिदशेत ते वार लावून जेवले होते. सहा घरी सहा वार लागले. गुरुवारचा वार काही मिळाला नाही. म्हणून गुरुवारी ते उपाशी राहत आणि कोणी विचारले तर दत्ताचा उपास म्हणून सांगत. पुढे दिवस पालटले, घर धान्याने भरले. परंतु त्यांची एक सवय अखेरपर्यंत गेली नाही. रोज रात्री निजण्यापूर्वी कंदील घेऊन ते कोठीघरात जात, तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून पाहत, आणि मगच अंथरुणावर पाठ टेकीत. घरात विजेचे दिवे आले तरी हा कंदील सुटला नाही. नातवाने एकदा विचारले, “आजोबा, कणगी भरलेली आहे हे तुम्हांला ठाऊक नाही का?” ते म्हणाले, “डोळ्यांना ठाऊक आहे रे. पोटाला अजून पटत नाही.”

ते उत्तर मला पुष्कळ वर्षे पुरले आहे. धन कसे जोडावे हे सांगणारी पुस्तके बाजारात रगड मिळतात. परंतु गरिबीत वाढलेल्या मनुष्याने धन जोडल्यावर त्याच्या मनाची भूक भागावी कशी, आणि ‘पुरे’ हा शब्द त्याने केव्हा उच्चारावा, ह्याची चर्चा क्वचितच कोणी करतो. आज हा प्रश्न मी एका चरित्राच्या आधाराने आपल्यापुढे ठेवणार आहे. हे चरित्र अँड्र्यू कार्नेगीचे. एके काळी जगातील सर्वांत धनाढ्य पुरुषांत ज्याची गणना होत असे, आणि ज्याने आपले बहुतेक सारे धन जिवंतपणीच देऊन टाकले, तो हा मनुष्य. त्याची दानशूरता सर्वश्रुत आहे. मला मात्र त्याच्या आयुष्यातील एका कागदाविषयी बोलावयाचे आहे. पण त्या कागदापर्यंत पोचण्यासाठी आपणांस त्याच्या बालपणातून जावे लागेल.

स्कॉटलंडमधील डनफर्मलिन ह्या जुन्या गावी २५ नोव्हेंबर १८३५ रोजी एका विणकराच्या घरी त्याचा जन्म झाला. घर म्हणजे खाली हातमाग आणि वर राहण्याची खोली. बाप वेलबुट्टीचे तलम कापड विणण्यात निष्णात. परंतु वाफेवर चालणारे माग आले आणि हातमागाचे काम आटू लागले. महेश्वरच्या किंवा चंदेरीच्या विणकरांच्या घरी ज्यांचे येणेजाणे आहे, त्यांना ही अवस्था निराळी वर्णन करून सांगावयास नको. हातातील कला पूर्वीइतकीच सुंदर असते; फक्त तिचे गिऱ्हाईक नाहीसे होते. आईने घरातच छोटेसे दुकान मांडले, आणि रात्री जोडे शिवण्याचे काम घेतले. आणि एक दिवस बाप घरी आला तो आता काम मिळत नाही हे सांगतच. काम करण्याची परवानगी मिळावी म्हणून आपल्या बापाला दुसऱ्यापुढे याचना करावी लागते, हे त्या मुलाने पाहिले. आणि मोठेपणी ह्याचा उपाय करीन, अशी त्याने मनाशी गाठ बांधली. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

डनफर्मलिनच्या आणखी दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवू. त्या पुढे लागणार आहेत. एक अशी की, त्याच्या बापाने आणि इतर काही विणकरांनी आपापल्या घरची थोडीथोडकी पुस्तके एकत्र करून गावातील पहिले फिरते ग्रंथालय उभे केले होते. ज्यांच्या चुलीची शाश्वती नव्हती अशा माणसांचे हे ग्रंथालय! दुसरी गोष्ट पिटनक्रीफ नावाच्या एका रम्य उपवनाची. हे उपवन एका जमीनदाराचे होते. वर्षातून एक दिवस गावकऱ्यांना ते मोकळे होई. परंतु कार्नेगीच्या आजोळच्या मंडळींचे त्या जमीनदाराशी वैर असल्याने ह्या मुलाला मात्र त्या दिवशीही फाटक बंद असे. गावातली सारी मुले आत खेळत आहेत आणि आपण भिंतीबाहेर उभे आहोत, हे दृश्य त्याच्या मनात घर करून राहिले.

१८४८ साली माग मिळेल त्या किमतीला विकून, आणि तरीही कमी पडलेले वीस पौंड आईच्या एका मैत्रिणीकडून उसने घेऊन, हे कुटुंब अमेरिकेला निघाले. पिट्सबर्गच्या शेजारी ॲलेगेनी येथे त्यांनी बिऱ्हाड केले. तेव्हा अँड्र्यू बारा वर्षांचा होता. थोड्याच दिवसांत तो कापसाच्या गिरणीत बॉबिने नेण्या-आणण्याचे काम करू लागला. हिवाळ्यात अंधारात घर सोडावयाचे आणि अंधारातच परतावयाचे; आठवड्याची मजुरी एक डॉलर वीस सेंट. पुढे कोट्यवधी डॉलर मिळवलेला हा मनुष्य लिहितो की, त्या पहिल्या आठवड्याच्या मजुरीने जे सुख दिले ते नंतरच्या कोणत्याही द्रव्याने दिले नाही. श्रोतेहो, हे वाक्य सोडून देण्यासारखे नाही. त्या डॉलरात असे काय होते? बारा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी कळले की, घराचा भार थोडासा का होईना आपल्या खांद्यावर आला आणि आईचे खांदे तेवढे हलके झाले. धनाचे पहिले सुख हे असे, कोणाच्या तरी उपयोगी पडण्याचे असते.

त्यानंतर त्याला दुसऱ्या एका कारखान्यात तळघरातील लहानसे इंजिन चालवण्याचे व बॉयलर सांभाळण्याचे काम मिळाले. वाफ कमी पडली तर वरचे कामगार ओरडणार. जास्त झाली तर बॉयलर फुटणार. ह्या धास्तीने तो पोरगा रात्री झोपेतून उठून बसे आणि अंधारात वाफेचा दाब दाखवणारे यंत्र तपासण्यासाठी हात पुढे करी. घरी त्याने ह्याचा उच्चारही केला नाही. प्रत्येकाला आपापले ओझे होते. आमच्या आळीतल्या त्या वृद्धांचा कणगीतला हात आणि ह्या मुलाचा अंधारातला हात मला एकाच जातीचे वाटतात. गरिबी गेली तरी तिने लावलेली सवय हातात राहते.

पुढे तो तारघरात तारा पोचवणारा पोरगा झाला आणि त्याचे दिवस उजाडले. एका पगाराच्या दिवशी वरिष्ठाने सर्व मुलांना पगार वाटले आणि ह्याला मात्र बाजूला थांबवले. नोकरी गेली, असेच ह्याला वाटले. वास्तविक त्याचा पगार वाढला होता: दरमहा सव्वा अकरा डॉलरांचे साडेतेरा झाले होते. घरी येऊन त्याने नेहमीचे सव्वा अकरा आईच्या हातावर ठेवले आणि वरचे सव्वादोन खिशात लपवले. रात्री माळ्यावर धाकट्या भावाजवळ निजताना त्याने हे गुपित त्याला सांगितले. दोघांनी मिळून पुढे मोठा धंदा करण्याचे आणि आईला घोड्यांच्या गाडीतून मिरवण्याचे बेत केले. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी ते सव्वादोन डॉलर टेबलावर आले तेव्हा आईच्या डोळ्यांना पाणी आले.

बापाचे नशीब मात्र उघडले नाही. तो आपल्या हाताने मेजावरची कापडे विणी आणि गावोगाव विकण्यास नेई. एकदा नदीच्या बोटीवर मुलाची आणि त्याची गाठ पडली. खोलीचे भाडे परवडत नाही म्हणून बाप रात्रीच्या प्रवासात उघड्या डेकवर बसणार होता. मुलगा म्हणाला, थोडे दिवस थांबा, तुम्ही आणि आई आपल्या स्वतःच्या गाडीतून फिराल. मितभाषी बापाने त्याचा हात धरला आणि तुझा मला अभिमान वाटतो, एवढेच सांगितले. १८५५ साली बाप वारला. गाडी यावयाची राहूनच गेली.

ह्याच काळात ॲलेगेनीतील कर्नल अँडरसन नावाच्या एका सज्जनाने आपला सुमारे चारशे पुस्तकांचा संग्रह कामकरी मुलांसाठी खुला केला. दर शनिवारी एक पुस्तक न्यावे आणि पुढच्या शनिवारी बदलून घ्यावे. पुढे ह्या ग्रंथालयाच्या चालकांनी असा नियम केला की, रीतसर उमेदवारी करणाऱ्या मुलांनाच पुस्तके फुकट मिळावीत. इतरांनी वर्षाला दोन डॉलर भरावेत. तारघरातील मुले उमेदवारीच्या करारात बसत नव्हती. अँड्र्यूने १८५३ साली वर्तमानपत्राला पत्र लिहून ह्या नियमाचा प्रतिवाद केला, आणि नियम बदलला. एक फाटक बंद होऊ पाहत होते. ते त्याने ह्या वेळी लेखणीने उघडले.

येथून पुढची धनार्जनाची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वत्र वाचावयास मिळते. तारघरातून तो पेनसिल्व्हेनिया रेल्वेत गेला. तेथील वरिष्ठाने एका कंपनीचे दहा भाग घेण्याचा सल्ला दिला. जवळ पैसे नव्हते. कार्नेगीच्या सांगण्याप्रमाणे आईने राहते घर गहाण टाकून ती रक्कम उभी केली. काही दिवसांनी दहा डॉलरांचा पहिला लाभांश आला. अंगाचा घाम न गाळता आलेला हा त्याच्या आयुष्यातील पहिला पैसा. मजुरी आणि भांडवल ह्यांतील भेद त्या तरुणाला त्या दिवशी उमगला. मग रेल्वेचे निजण्याचे डबे, तेलाच्या विहिरी, लोखंडी पूल आणि अखेर पोलाद, अशा पायऱ्या तो चढत गेला. १८७५ साली पिट्सबर्गजवळ त्याचा पोलादाचा प्रचंड कारखाना सुरू झाला. प्रत्येक कामाचा खर्च पैशापैशाने मोजावा, जुने यंत्र चालत असले तरी नवे अधिक स्वस्त काम करीत असेल तर जुने मोडीत काढावे, आणि मंदीच्या दिवसांत, जेव्हा इतर लोक हात आखडतात तेव्हा, बांधकाम करावे, ही त्याच्या यशाची सूत्रे होती.

आता तो कागद. १८६८ चा डिसेंबर महिना. कार्नेगी नुकताच तेहेतीस वर्षांचा झालेला. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात उतरलेला. वर्ष सरत आले तेव्हा त्याने आपल्या मालमत्तेचा हिशेब मांडला. वर्षाला पन्नास हजार डॉलर उत्पन्न होईल, अशी तजवीज होण्याच्या बेतात होती. हिशेबाबरोबर त्याने स्वतःसाठी एक टिपण लिहिले. त्याचा आशय असा: दोन वर्षांत अशी व्यवस्था लावावयाची की हे उत्पन्न कायम राहील; त्यापलीकडे एक पैही अधिक मिळवण्याचा प्रयत्न करावयाचा नाही; जे उरेल ते परोपकारात खर्च करावयाचे. मग ऑक्सफर्डला जाऊन विद्या मिळवावयाची, विद्वानांचा सहवास धरावयाचा, आणि गरिबांच्या शिक्षणासारख्या सार्वजनिक कामात लक्ष घालावयाचे. मनुष्य कसली तरी पूजा केल्यावाचून राहत नाही. पण धनसंचयाची पूजा ही त्यांतली अत्यंत हीन पूजा होय, असे त्याने लिहिले. आणि पुढे लिहिले की, पैसा अल्पावधीत कसा वाढेल ह्याच विचारात आणखी काही वर्षे घालवली, तर आपण असे घसरू की पुन्हा वर येण्याची आशा उरणार नाही. तेव्हा पस्तिसाव्या वर्षी धंदा सोडावयाचा!

गिरणीतला पोरगा तेहेतिसाव्या वर्षी ‘पुरे’ म्हणतो, आकडा ठरवतो, तारीख ठरवतो! मला ह्या कागदाचे कौतुक वाटते. परंतु श्रोतेहो, पस्तिसावे वर्ष आले आणि गेले. चाळिसावे आले, पन्नासावे आले. धंदा सुटला तो १९०१ साली, पासष्टाव्या वर्षी. दोन वर्षांचा संकल्प पुरा होण्यास बत्तीस वर्षे लागली. कागद मात्र त्याने जपून ठेवला होता.

असे का व्हावे? तो ढोंगी होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे; पण ढोंगी मनुष्य कोणाला न दाखवावयाचे टिपण लिहीत नाही. त्याने संकल्पाचा काही अंश पाळलाही. कारखान्याचे रोजचे काम इतरांवर सोपवून तो प्रवास करी, ग्रंथ लिही, हर्बर्ट स्पेन्सर आणि मॅथ्यू आर्नल्ड ह्यांच्यासारख्या विद्वानांशी स्नेह जोडी. मला ह्याची कारणे दोन दिसतात. पहिले म्हणजे तो अंधारातला हात. वाफेचा दाब पुरेसा आहे हे डोळ्यांना दिसले तरी मनाला पटत नाही. ठरवलेला आकडा गाठला की भय त्याच्या पुढे दुसरा आकडा उभा करते. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. ज्याला लहानपणी कोणी विचारीत नव्हते, त्याला धंद्यातल्या जयाने मान दिला. तो जय सोडणे म्हणजे पुन्हा भिंतीबाहेर उभे राहणे, असे त्याला आत कोठेतरी वाटत असले पाहिजे. आणि तो कागद दुसऱ्या कोणी पाहिलेला नव्हता. स्वतःशी केलेल्या कराराला साक्षीदार नसला की मुदतवाढ मागणारा आणि देणारा एकच असतो.

ह्या मुदतवाढीचे मोल कोणाला द्यावे लागले? येथे आपल्याला होमस्टेडचे नाव घ्यावे लागते. कार्नेगीने १८८६ साली मजुरांच्या संघटनेच्या हक्काची बाजू घेणारे लेख लिहिले होते. १८९२ साली होमस्टेडच्या त्याच्या पोलाद कारखान्यात मजुरीच्या दरावरून तंटा उद्भवला. व्यवस्थापक फ्रिक ह्याने कारखान्याला कुंपण घातले, मजुरांना बाहेर ठेवले आणि भाडोत्री रक्षकांची टोळी नदीतून आणवली. ६ जुलै रोजी नदीकाठी गोळीबार झाला. दोन्ही बाजूंची माणसे मेली. अखेर मजुरांची संघटना मोडली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. परंतु पत्रांतून त्याने फ्रिकच्या धोरणाला पाठिंबा दिला होता. म्हणजे ज्याने आपल्या बापाला कामासाठी याचना करताना पाहिले होते, त्याच्याच कारखान्याच्या दाराशी आता दुसऱ्यांचे बाप उभे होते. होमस्टेडची जखम आपल्या मनात सर्वांत खोल गेली, असे त्याने नंतर लिहिले. ते खरे असेल. परंतु मजुरांची जखम त्यामुळे भरून आली नाही. १८९८ साली त्याने होमस्टेडला सुंदर ग्रंथालय बांधून दिले. पोलादाच्या भट्टीपुढे बारा तास उभा राहिलेला मनुष्य त्या ग्रंथालयाच्या पायऱ्या कोणत्या वेळी चढणार होता? अमेरिकेच्या पोलाद-धंद्यातून ही बारा तासांची पाळी जाण्यास १९२३ साल उजाडावे लागले.

आपल्या तुकोबांसारख्या विरक्तानेही संसारी माणसाला धन मिळवू नकोस असे सांगितले नाही. त्यांनी दोन अटी घातल्या: एक मिळवण्याच्या रीतीवर आणि एक खर्चतानाच्या मनावर. कार्नेगी दुसऱ्या परीक्षेत मोठ्या मानाने उत्तीर्ण झाला. पहिल्या परीक्षेत तो ज्या ठिकाणी नापास झाला, ते ठिकाण त्या कागदात त्याने स्वतःच आगाऊ दाखवून ठेवले होते. देण्याची वेळ येईल तेव्हा भरपूर देऊ, म्हणून मिळवताना डोळे मिटावे, हा सौदा करावा असे आपणांपैकी पुष्कळांना वाटते. तो सौदा तोट्याचा आहे, हे ह्या चरित्राने शिकावे.

आणि आता त्या दुसऱ्या परीक्षेविषयी. १८८९ साली त्याने एका मासिकात निबंध लिहून असे प्रतिपादन केले की, अतिरिक्त धन ही समाजाची ठेव होय आणि ते न वाटता मरणे ही लाजिरवाणी गोष्ट होय. १९०१ साली त्याचा सारा धंदा ४८ कोटी डॉलरांना विकला गेला. त्याने प्रथम केले ते हे की, आपल्या कारखान्यांतील अपघातग्रस्त आणि वृद्ध कामगारांसाठी ४० लाख डॉलर बाजूला काढले. मग देण्याचा ओघ सुरू झाला. १९१९ साली तो वारला तेव्हा सुमारे ३५ कोटी डॉलर त्याने देऊन टाकले होते. निरनिराळ्या देशांत मिळून २,५०९ ग्रंथालये त्याच्या द्रव्याने उभी राहिली.

ह्या ग्रंथालयांची एक अट मला फार अर्थपूर्ण वाटते. इमारतीचे पैसे कार्नेगी देई; परंतु जागा गावाने द्यावयाची, आणि इमारतीच्या खर्चाच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम ग्रंथालय चालवण्यासाठी दर वर्षी गावानेच खर्च करावयाची. ह्या अटीवर तेव्हा पुष्कळ टीका झाली. परंतु वार लावून जेवलेल्या मनुष्याला उपकाराच्या घासाची चव ठाऊक असते. ज्यात आपलाही वाटा आहे ते अन्न ताठ मानेने खाता येते. आणि मुळात हा धडा कोणी दिला होता? डनफर्मलिनच्या त्या विणकरांनी, ज्यांनी आपापली पुस्तके एकत्र आणली होती.

हाच विचार आपल्या ओळखीच्या एका संस्थानातही रुजला. कवळाणे गावच्या शेतकरी घरात वाढलेला, अक्षरओळख नसलेला बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव महाराज झाला. १९०६ साली महाराजांनी अमेरिकेचा प्रवास केला, तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली, आणि १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. गावाने वर्गणी जमवावी आणि तिच्यात प्रांत पंचायतीने व सरकारने भर घालावी, अशी तेथे रीत होती. ग्रंथांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरत. येथेही गावाचा वाटा आधी होता. महाराजांना संपत्ती वारशाने आली, कार्नेगीला उद्योगाने. परंतु बालपणी जे मिळाले नाही ते दुसऱ्यांच्या मुलांना सहज मिळावे, ही तळमळ दोघांची सारखीच.

आता त्या दोन जुन्या गोष्टींचा शेवट सांगतो. १८८१ साली कार्नेगी आईला घेऊन स्कॉटलंडला गेला. चार घोड्यांच्या गाडीतून माय-लेकरे डनफर्मलिनच्या रस्त्यांवरून गेली आणि तेथील नव्या ग्रंथालयाचा पायाचा दगड त्या माउलीच्या हस्ते बसवण्यात आला. माळ्यावर दोन भावांनी पाहिलेले स्वप्न असे पुरे झाले. आणि १९०२ साली त्याने पिटनक्रीफचे ते उपवन विकत घेतले. स्वतः तेथे राहिला नाही. गावाला देऊन टाकले. ज्या फाटकाबाहेर एक मुलगा उभा राहत असे ते कोणत्याही मुलासाठी पुन्हा बंद होऊ नये, एवढेच त्याला हवे होते. त्याच्याजवळ किल्लेवजा प्रासाद होता, राजेलोक त्याला भेटत. परंतु ह्या उपवनाइतका आनंद त्याला फार थोड्या गोष्टींनी दिला.

मी हे चित्र गोड करून सांगू इच्छीत नाही. उतारवयात त्याने जगातील शांततेसाठी अमाप द्रव्य वेचले. १९१३ साली हेगचा शांतिप्रासाद उघडला, आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. त्याचे आत्मचरित्र तेथे थांबले. देण्यानेही सारे मनासारखे होतेच असे नाही. परंतु त्याच्या समाधानाच्या जागा मोजून पाहिल्या तर त्या अशा निघतात: पहिली मजुरी, आईच्या हातावर ठेवलेले सव्वादोन डॉलर, आईची गाडी, अँडरसनच्या शनिवारातून निघालेली ग्रंथालये आणि उघडलेले फाटक. ह्यांतील एकाही गोष्टीला ४८ कोटी डॉलर लागत नव्हते. बहुतेक गोष्टी तेहेतिसाव्या वर्षीच्या त्या पन्नास हजारांत बसत होत्या.

आपणांपैकी जे गरिबीतून वर आले आहेत किंवा येत आहेत, त्यांना मी एवढेच सुचवीन. धन अवश्य जोडा. रिकाम्या डब्यांचे गुणगान भरल्या पोटाच्या माणसानेच केलेले असते. ज्याचे जळते त्याला कळते. परंतु कमाईला सुरुवात झाली की लवकरच एक कागद घ्या. त्यावर आपला आकडा लिहा: म्हाताऱ्या आईबापांचे औषधपाणी, मुलांचे शिक्षण, डोक्यावरचे छप्पर, आणि अडीअडचणीची शिल्लक. त्याखाली लिहा की, लहानपणी आपल्याला कोणते दार बंद होते. शाळेची फी असेल, आजारात न मिळालेला डॉक्टर असेल, शेजारच्या घरातले पुस्तकांचे कपाट असेल. आकडा गाठला की त्या दाराकडे वळावयाचे. आणि कार्नेगीने जे केले नाही ते करा: हा कागद घरातल्या माणसांना वाचून दाखवा. आपण मुदतवाढ मागू लागलो म्हणजे कोणीतरी नाही म्हणणारे असावे. आणि आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांची मजुरी ठरवताना तो कागद शेजारी असू द्या. कारण बंद दाराबाहेर आज त्यांची मुले उभी असतील.

आमच्या आळीतले ते वृद्ध गृहस्थ कार्नेगीचे नावही ऐकून नसावेत. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत त्यांनी एक नेम सुरू केला. गावातील बोर्डिंगातल्या दोन मुलांना ते दर आठवड्याला रात्री जेवावयास बोलावीत, स्वतः समोर पाट मांडून बसत, आणि भात पुन्हापुन्हा वाढावयास लावीत. वार त्यांनी गुरुवारचा धरला होता. मुले जेवून गेली की ते ओसरीवर थोडा वेळ बसत आणि तसेच निजावयास जात. त्या एका रात्री कोठीघराकडे कंदील जात नसे, असे त्यांच्या सूनबाई सांगत.